आरएस-४८५ कन्व्हर्टर हळू चालतो आणि मोठी फाइल पाठवली की लॅन बसतं, ड्रायव्हरची सेटिंग नेमकी कुठून बदलायची?

डाळमिल_लातूर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

लातूरच्या एमआयडीसीत मामाची डाळ मिल आहे, तिथलं कॉम्प्युटर, वायरिंग, कॅमेरे सगळं माझ्याकडं. तुरीचा सीझन लागला की मिल रात्रीपण चालू असते आणि लाइट बिल आलं की मामा दरवेळी विचारतात की नेमकं कोणतं मशीन एवढं खायलंय. म्हणून प्रत्येक मशीनवर एनर्जी मीटर बसवलेत, एमरी रोलर, एलिव्हेटर, सॉर्टेक्स, ड्रायरचा ब्लोअर असे मिळून १४. सगळे एकाच आरएस-४८५ लाइनवर (दोन वायरच्या जोडीची सिरीयल लाइन), मीटर बोलतात ती भाषा मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड, ८एन१. लाइन यूएसबी कन्व्हर्टरवर येते, कन्व्हर्टर जुन्या डेस्कटॉपला लावलाय, त्यावर उबंटू, आणि पायथनची स्क्रिप्ट एकेका मीटरचे १० आकडे एकामागं एक वाचत जाते.

आता अडचणी. पहिली म्हणजे १४ मीटरची एक फेरी पूर्ण व्हायला सात सेकंद लागायलेत, सीपीयू तर नुसता बसून असतो, मग वेळ जातो कुठं? दुसरी, रात्री दिवसभराचा डेटा आणि कॅमेऱ्याच्या क्लिपा ऑफिसच्या सर्व्हरवर जातात तेव्हा लॅन मधेच काही सेकंद मरतं आणि परत येतं, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग" असं येतं आणि त्याच्या खाली "रीसेट ॲडॉप्टर". ऑनबोर्ड लॅन आहे, ड्रायव्हर ई१०००ई. तिसरी, कन्व्हर्टरच्या पोर्टचं नाव कधीकधी टीटीवाययूएसबी० चं आपोआप टीटीवाययूएसबी१ होतं आणि स्क्रिप्ट जुन्याच नावाला धरून बसते.

नेटवर वाचलं तर एक जण म्हणतो मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या कमांडच्या) फाइलीत ऑप्शन टाका, दुसरा म्हणतो ईथटूल (लॅन कार्डाची सेटिंग बदलायची कमांड) वापरा, तिसरा म्हणतो सिसएफएसमध्ये (ड्रायव्हरची सेटिंग फाइलींसारखी दिसते तिथं) इको करा, चौथा तर ड्रायव्हर नव्यानं कंपाइल करायला सांगायलाय. लेटन्सी टायमर इको करून १ केला, फरक पडला, पण नंतर बघितलं तर परत १६. मला नुसती कॉपी-पेस्ट कमांड नकोय. कोणतं फीचर कुठून चालू-बंद होतं, ड्रायव्हरला कसं विचारायचं की बाबा तुला काय काय येतं, आणि केलेलं टिकवायचं कुठं, हे समजून घ्यायचंय. कुणी सांगेल का?


वाळूज_ऑटोमेशन

भाऊ, तुझे तीन प्रॉब्लेम तीन वेगळ्या जागचे आहेत, म्हणूनच तुला तीन-चार वेगळी उत्तरं मिळालीत. ड्रायव्हर कंपाइल करायचं मात्र डोक्यातून काढून टाक, त्याची इथं काही गरज नाही. कमांडा मी इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजीत टाकशील.

आधी कन्व्हर्टर. लेटन्सी टायमरची फाइल तुला सापडली म्हणजे आत एफटीडीआयची चिप आहे आणि ड्रायव्हर एफटीडीआय_एसआयओ, कारण हा नॉब त्याच ड्रायव्हरचा. सीएच३४० किंवा पीएल२३०३ च्या कन्व्हर्टरला ही फाइल दिसणारच नाही, तिथं शोधत बसू नको. ही चिप मीटरकडून आलेले बाइट लगेच पीसीकडं पाठवत नाही, स्वतःकडं जमा करते. आपल्याकडची काळी-पिवळी जशी सीट भरल्या की निघते नाहीतर टाइम झाला की निघते, तसंच. यूएसबीचं पाकीट ६४ बाइटचं, त्यात २ बाइट स्टेटसचे, म्हणजे सीट ६२. तुझ्या मीटरचं उत्तर ९ बाइटचं, ६२ भरणार कधी? मग ते टाइमवर निघतं, आणि ड्रायव्हरनं तो टाइम १६ मिलिसेकंद ठेवलेला असतो. १ पासून २५५ पर्यंत देता येतो. टायमर चिपमध्येच आहे, ड्रायव्हर फक्त तू दिलेला आकडा चिपला कळवतो, म्हणून कन्व्हर्टर उपटून लावला किंवा मशीन रीस्टार्ट झालं की परत १६ पासून सुरू.

पण खरं सांगू का, सात सेकंदांचं मूळ या टायमरमध्ये नाही. हिशोब करून बघ. ९६०० ला ८एन१ म्हणजे एका बाइटला १० बिट, साधारण १.०४ मिलिसेकंद. तुझी रिक्वेस्ट ८ बाइटची, ८.३ मिलिसेकंद. एक आकडा म्हणजे दोन रजिस्टर (मीटरमधले २-२ बाइटचे कप्पे) धरले तर उत्तर ९ बाइट, ९.४ मिलिसेकंद. दोन फ्रेममध्ये मॉडबसच्या नियमानं साडेतीन बाइटची शांतता, जवळजवळ ४ मिलिसेकंद. मीटर स्वतः विचार करायला वेळ घेतो तो २० धरू, तो मीटरच्या मॅन्युअलमध्ये बघून घे. झाले ४२. त्यात टायमरचे शून्य ते सोळाच्या मधे कुठंतरी, सरासरी ८ धर. म्हणजे ५० मिलिसेकंद, आणि तू एका फेरीत १४ गुणिले १०, १४० वेळा विचारतोस. हेच तुझे सात सेकंद. टायमर १ केल्यावर त्यातला एखादा सेकंद वाचतो, बस.

त्याऐवजी दहा आकडे एकदाच माग. फंक्शन ०३ नं (रजिस्टर वाचायची मॉडबस कमांड) एका रिक्वेस्टमध्ये १२५ रजिस्टर मागता येतात, तुला तर २० च लागतात. उत्तर होईल ४५ बाइटचं, ४७ मिलिसेकंद, सगळं मिळून एका मीटरला ८०, चौदा मीटरला सव्वा सेकंदाच्या आत. आकडे सलग पत्त्यांवर नसतील तर मधले नको असलेले पण वाचून टाकून दे, तरी स्वस्तच पडतं. फक्त काही मीटर मधल्या रिकाम्या पत्त्याला एरर देतात, तेव्हा दोन तुकडे करावे लागतील. टायमर १ ठेवच, ९६०० वर त्याचा काही बोजा पडत नाही, पण आधी स्क्रिप्ट बदल.

आता लॅन. "हार्डवेअर युनिट हँग" म्हणजे ड्रायव्हरनं कार्डाला पाठवायला दिलेलं काम ठराविक वेळेत झालं नाही, ते ड्रायव्हरच्या लक्षात आलं आणि त्यानं कार्ड रीसेट केलं. या ड्रायव्हरला हे मोठी फाइल जाताना येत असेल तर पहिला संशय टीएसओवर घ्यायचा. टीएसओ म्हणजे कर्नल ६४ केबीपर्यंतचा मोठा तुकडा तसाच कार्डाला देतो आणि १५०० बाइटचे फ्रेम कार्ड स्वतः पाडतं. सीपीयूचं काम वाचावं म्हणून केलेली सोय आहे. तुझ्या मिलच्या डेटाला ती नसली तरी काही अडत नाही, कापायचं काम सीपीयू करेल.

बघायला: ईथटूल, हायफन लहान के, ईएनओ१ (हे लॅन पोर्टचं नाव, तुझं वेगळं असेल तर ते टाक). बदलायला: ईथटूल, हायफन मोठा के, ईएनओ१, टीएसओ, ऑफ. लहान के म्हणजे दाखव, मोठा के म्हणजे बदल, बाकीच्यांचंपण तसंच आहे, लहान सी-मोठा सी इंटरप्ट कोलेसिंगला, लहान जी-मोठा जी रिंग बफरला. एका वेळी एकच बदल कर आणि एक रात्र जाऊ दे. टीएसओनं थांबलं नाही तर जीएसओपण (तेच कापायचं काम कर्नल शेवटच्या क्षणी करतो ती सोय) बंद करून बघ. सगळं एकदम बंद केलंस तर कशानं थांबलं ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या माणसाला तो सगळा पसारा सांभाळत बसावं लागेल.

टिकवायला: उबंटू डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर असतो, त्याच्याच कनेक्शनमध्ये लिही. एनएमसीएलआय, कनेक्शन, मॉडिफाय, कनेक्शनचं नाव, ईथटूल.फीचर-टीएसओ, ऑफ. रीबूट झालं, केबल निघून परत लागली, तरी तोच लावत बसतो. नेटवर सिस्टिमडीची डॉट-लिंक फाइल करायला सांगतात तेपण चालतं, पण त्यात एक मेख आहे: एका पोर्टला जुळणारी पहिली लिंक फाइल तेवढीच लागू होते, म्हणून डीफॉल्टमधली नेमपॉलिसीची ओळ आपल्या फाइलीत घेतली नाही तर पोर्टचं नावच बदलून बसतं आणि रीबूटनंतर पीसी नेटवर सापडत नाही.


परभणीकर_सिस्टिम

विंडोजवर हेच सगळं असतं, फक्त खिडकीत दिसतं. कुणाला लागलं तर लिहून ठेवतो. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, कन्व्हर्टरवर प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथं लेटन्सी टायमर हाच, तसाच १६ वर असतो. आणि लॅन कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबला "लार्ज सेंड ऑफलोड व्ही२" म्हणजे तुमचा टीएसओ, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ ला वेगवेगळा. त्या टॅबमध्ये काय काय दिसायचं ते ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलीवर असतं, म्हणून एकाच कार्डाला एका ड्रायव्हरमध्ये ऑप्शन दिसतो आणि दुसऱ्यात गायब. तिथं निवडलेलं रजिस्ट्रीत बसतं त्यामुळं रीबूटनंतर टिकवायची वेगळी खटपट नाही. पण ड्रायव्हर अपडेट झाल्यावर एकदा उघडून बघाच, आपलं सेटिंग जागेवर आहे का ते.


डाळमिल_लातूर

वाळूजवाले दादा, लई आभार. तो हिशोब वाचून एकदम डोक्यात बसलं, आम्ही नुसतं टायमर-टायमर करत होतो. आज रात्री स्क्रिप्ट बदलतो.

ईथटूल लहान के मारलं तर भली मोठी यादी आली. काही ओळींपुढं ऑन, काहींपुढं ऑफ, आणि बऱ्याच ओळींपुढं ऑफच्या नंतर चौकटी कंसात "फिक्स्ड". एक प्रयोग म्हणून टीएक्स चेकसम (पाठवताना कार्ड काढतं ती चूक-तपासणीची बेरीज) बंद करून बघितलं तर टीएसओपण आपोआप गेला आणि तिथं "रिक्वेस्टेड ऑन" असं दिसायलंय. मी तर टीएसओला हात लावला नव्हता. हे कसं काय? आणि मॉडप्रोबवाली फाइल मग कशासाठी असते?


नांदेड_ओएसलॅब

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते, ही यादी दर सेमिस्टरला लॅबमध्ये उघडते, कारण कर्नलच्या आत काय चाललंय ते एवढं उघडं फार कमी ठिकाणी दिसतं. त्यामुळं जरा सविस्तर लिहू द्या.

नेटवर्क ड्रायव्हर लोड झाला की तो कर्नलला आपल्या कार्डाबद्दल दोन गोष्टी सांगतो. एचडब्ल्यू_फीचर्स म्हणजे वापरणाऱ्याला चालू-बंद करता येतील अशा सोयी, आणि फीचर्स म्हणजे या घडीला खरंच चालू असलेल्या. तिसरी यादी कर्नल स्वतः ठेवतो, वाँटेड_फीचर्स, म्हणजे तुम्ही काय मागितलंय ते. तुम्ही ईथटूलनं काही बदललं की फक्त ही मागणीची यादी बदलते. मग कर्नल मागणी घेऊन बसतो आणि तपासतो की हे एकत्र चालेल का, ड्रायव्हरनं फिक्स_फीचर्स नावाचं फंक्शन दिलं असेल तर त्यालापण विचारतो, आणि जे उरतं ते सेट_फीचर्समधून ड्रायव्हरला सांगतो की आता कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिही.

आता तुमची यादी परत वाचा. फिक्स्ड म्हणजे ती सोय एचडब्ल्यू_फीचर्समध्ये नाही, एकतर कार्डाला येत नाही नाहीतर ड्रायव्हर ती बदलू देत नाही, तिथं कितीही कमांडा मारल्या तरी काही होणार नाही, दुसऱ्या ओळीकडं वळा. रिक्वेस्टेड ऑन म्हणजे तुमची मागणी चालूची आहे पण तपासणीत ती गळाली. टीएसओमध्ये कार्ड जे फ्रेम पाडतं त्या प्रत्येकाचा चेकसम कार्डालाच काढावा लागतो, तोच तुम्ही बंद केला तर टीएसओ चालणार कसा? म्हणून कर्नलनं तो काढला, पण मागणी विसरला नाही. चेकसम परत चालू करा, टीएसओ आपोआप परत येईल. स्कॅटर-गॅदर (मेमरीत विखुरलेले तुकडे गोळा करून पाठवायची सोय) बंद केलं तरी असंच होतं. अशा वेळी मोठा के मारल्यावर ईथटूल "ॲक्च्युअल चेंजेस" म्हणून एक यादी छापतं, ती वाचायची सवय लावून घ्या, आपण मागितलेलं आणि झालेलं यातला फरक तिथं कळतो.

एलआरओचंपण असंच एक उदाहरण. येणारी पाकिटं कार्डातच जोडून मोठी करायची सोय, पण पीसी राउटर किंवा ब्रिज म्हणून वापरायला लागलात की कर्नल ती स्वतःहून बंद करतो, कारण जोडलेली पाकिटं जशीच्या तशी पुढं पाठवता येत नाहीत. तिथं जीआरओ (जोडायचं काम कर्नल करतो ती सोय) चालतो. कुणी "माझं एलआरओ आपोआप बंद होतंय" म्हणून रडत असेल तर आधी आयपी फॉरवर्डिंग बघायचं.

मॉडप्रोबची फाइल ही ड्रायव्हर लोड होतानाच्या पॅरामीटरसाठी. मॉडइन्फो, हायफन पी, ई१०००ई असं मारा, त्याला काय काय पॅरामीटर आहेत ते दिसतं, इंटरप्टथ्रॉटलरेट वगैरे. मग /सिस/मॉड्यूल/ई१०००ई/पॅरामीटर्स या फोल्डरमध्ये जाऊन बघा, तिथं त्यातलं जवळजवळ काहीच दिसणार नाही, कॉपीब्रेक तेवढं सापडेल. पोरं इथं हमखास गोंधळतात. ड्रायव्हर लिहिणारा प्रत्येक पॅरामीटरला परमिशन देतो. शून्य दिली तर ती फाइल सिसएफएसमध्ये येतच नाही, ०४४४ दिली तर नुसती वाचता येते, ०६४४ दिली तर चालू ड्रायव्हरवर बदलता येते. म्हणजे इंटरप्टथ्रॉटलरेट बदलायचा तर ड्रायव्हर काढून परत लोड करावा लागणार. आणि हे एसएसएचवरून करू नका, मॉडप्रोब हायफन आर मारलं की लॅनचा ड्रायव्हर जातो आणि त्याच्यासोबत तुमचं कनेक्शनपण.

पॅरामीटर टिकवायचा तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये डॉट-कॉन्फ फाइल, त्यात ऑप्शन्स, मॉड्यूलचं नाव, पॅरामीटर बरोबर आकडा. एवढं करूनही लागू झालं नाही तर दोन कारणं बघा. तो ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमधूनच (बूट होताना सगळ्यात आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) लोड होत असेल तर अपडेट-इनिट्रॅमएफएस हायफन यू मारल्याशिवाय नवी फाइल तिथं पोचत नाही. आणि ड्रायव्हर मॉड्यूल नसून कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर मॉडप्रोब त्याच्या वाटेला जातच नाही, तिथं ग्रबच्या कर्नल लाइनवर मॉड्यूल, डॉट, पॅरामीटर असं लिहायचं. उबंटूत यूएसबीकोर असा बिल्ट-इन आहे.

नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये नवे मॉड्यूल पॅरामीटर आणलेले कर्नलवाल्यांना आवडत नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. पॅरामीटर त्या ड्रायव्हरच्या सगळ्या कार्डांना एकदम लागतो, कार्ड चालू असताना बहुतेक वेळा बदलत नाही, आणि प्रत्येक ड्रायव्हर त्याला वेगळं नाव देतो. ईथटूलचं टीएसओ सगळीकडं टीएसओच. त्यामुळं तुम्ही ईथटूलपासून सुरुवात करा, तिथं नसेल तर सिसएफएस, आणि तिथंपण नसेल तरच पॅरामीटर.

अजून एक. कार्डाला येतं किती आणि सध्या चालू किती, हा प्रश्न प्रत्येक हार्डवेअरला विचारता येतो. एलएसपीसीआय, हायफन व्हीव्ही सुडो लावून मारा, लिंककॅप म्हणजे त्या कार्डाच्या लिंकला जास्तीत जास्त येतं ते आणि लिंकस्टा म्हणजे आत्ता जुळलेलं. दोन्हीत फरक दिसला की कुठं शोधायचं ते कळतं.


जालना_रोलिंग

मॅडमनी छान सांगितलं, मी तिसऱ्या प्रॉब्लेमवर बोलतो कारण आमच्याकडं जालन्यात रोलिंग मिलमध्ये तोच रोजचा आहे.

लातूरवाले भाऊ, नाव बदलतं त्या वेळचा डीमेसेज नीट वाचा. तिथं "डिसेबल्ड बाय हब" आणि त्यापुढं कंसात "ईएमआय" प्रश्नचिन्ह, मग "री-एनेबलिंग" असं आलंय का? कर्नल स्वतःच विचारायलाय की बाबा हा विजेचा नॉइज आहे का. हबनं पोर्ट बंद केलं, कर्नलनं परत चालू केलं, कन्व्हर्टर नवीन म्हणून दिसला, पण तुमच्या स्क्रिप्टनं जुनं टीटीवाययूएसबी० उघडून धरलेलं होतं म्हणून नव्याला १ नंबर मिळाला. आणि नवीन म्हणून आला की लेटन्सी टायमरपण परत १६, तुम्ही इको केलेलं त्यातच गेलं असणार. ही ओळ असेल तर ड्रायव्हरमध्ये कितीही सेटिंग करा, उपयोग नाही, वायरिंगकडं या.

आयसोलेटेड कन्व्हर्टर (पीसी आणि लाइन विजेनं वेगळी ठेवणारा) घ्या, साधा काढून टाका. ४८५ ची लाइन एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळेत पाहिजे, एका जागेवरून दहा फांद्या काढल्या असतील तर ते बदला. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना, मधे कुठंच नाही. शील्डला अर्थिंग एकाच बाजूला. आणि केबल मोटरच्या, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेलेली असेल तर आधी ती वेगळी करा, त्याच्याशिवाय बाकी सगळं वाया.

ती ओळ नसेल आणि नुसतंच डिस्कनेक्ट दिसत असेल तर पॉवर सेव्हिंग बघा. कर्नल हब सोडून बाकी यूएसबीला सहसा स्वतःहून झोपवत नाही, पण टीएलपी किंवा पॉवरटॉप टाकलेलं असेल तर ते झोपवतं. त्या डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये पॉवर/कंट्रोल फाइल असते, त्यात ऑटो असेल तर ऑन करा. इथं ऑन म्हणजे जागं ठेव.

पुढं कधी पीसीऐवजी सिरीयल पोर्ट असलेला एआरएम बोर्ड लावलात तर एक लक्षात असू द्या. ४८५ वर एकाच जोडीतून बोलायचं आणि ऐकायचं असतं, त्यामुळं बोलून झालं की ट्रान्समीटर बंद करावा लागतो. तुमच्या एफटीडीआय कन्व्हर्टरमध्ये ते चिपची टीएक्सडीईएन पिन करते, लिनक्सला पत्तापण नसतो. बोर्डाच्या पोर्टवर मात्र ते आरटीएस पिनवर येतं आणि यूएआरटीच्या (सिरीयल पोर्टच्या चिपच्या) ड्रायव्हरला सांगावं लागतं, प्रोग्रॅममधून टीआयओसीएसआरएस४८५ या आयऑक्टलनं (ड्रायव्हरला थेट दिलेला हुकूम), नाहीतर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या यादीत) आरएस४८५ एनेबल्ड ॲट बूट टाइम टाकून. हे न करता लोक पायथनमध्ये आरटीएस खालीवर करत बसतात, आणि प्रोग्रॅमला जरा उशीर झाला की मीटरच्या उत्तराचा पहिला बाइट आपल्याच ट्रान्समीटरखाली दबतो आणि सीआरसी (चूक-तपासणीचा आकडा) एरर यायला लागतात. मग शिव्या बिचाऱ्या मीटरला. ड्रायव्हरला करू द्या, त्याचं काम आहे ते.


डाळमिल_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रिप्ट ब्लॉक रीडवर आणली, फेरी आता सव्वा सेकंदात होतेय, आमचे एक मीटर मधल्या पत्त्याला एरर द्यायलं होतं त्याचे दोन तुकडे केले. टीएसओ बंद केल्यापासून रात्रीची फाइल न अडकता जायलीय, जीएसओला हात लावायची गरज पडली नाही, एनएमसीएलआयमध्ये टाकून दिलं. आणि जालन्याचे दादा म्हणले ती ईएमआयवाली ओळ सापडली, बरोबर ड्रायरचा ब्लोअर सुरू होतो त्या टायमाला. केबल ब्लोअरच्या पॉवर केबलच्या पोटातूनच गेलीय. आयसोलेटेड कन्व्हर्टर मागवलाय, ट्रे रविवारी मिल बंद असताना बदलू.

शेवटचं विचारतो. कन्व्हर्टर कितीही वेळा निघून परत आला तरी टायमर १ च राहावा आणि नाव एकच राहावं असं कसं करायचं? आणि गोडाऊनच्या वजनकाट्याला दुसरा कन्व्हर्टर लावायचाय, तो सीएच३४० चा पडून आहे, दोन्हीची गल्लत व्हायला नको.


वाळूज_ऑटोमेशन

यूडेव्हचा (डिव्हाइस लागलं की नियम चालवणारी लिनक्सची सोय) नियम लिही. /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये डॉट-रूल्स फाइल कर, एका ओळीत: ॲक्शन ॲड असेल, सबसिस्टिम यूएसबी-सिरीयल असेल, ड्रायव्हर एफटीडीआय_एसआयओ असेल, तर ॲट्रिब्युट लेटन्सी_टायमर १ कर. जुळणी करायच्या ठिकाणी बरोबरचं चिन्ह दोनदा, आणि शेवटी आकडा बसवायच्या ठिकाणी एकदाच. शेवटी चुकून दोनदा पडलं तर ती नुसती जुळणीच ठरते आणि टायमर १६ च राहतो. वजनकाट्याचा सीएच३४० आहे म्हणजे त्याचा ड्रायव्हर वेगळा, हा नियम त्याला लागणारच नाही.

नावासाठी नियम लिहायचीपण गरज नाही. /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी या फोल्डरमध्ये बघ, तिथं कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर मिळून लांबलचक नाव असतं, स्क्रिप्टमध्ये टीटीवाययूएसबी० काढून तेच टाक, शेवटी ० असो की १, ते बरोबर पोर्टवर नेतं. फक्त पोर्ट गेला की स्क्रिप्टनं एरर पकडून जुना बंद करून परत उघडायला पाहिजे, ते नाव आपोआप करत नाही. सीएच३४० च्या बऱ्याच कन्व्हर्टरांना सिरीयल नंबरच नसतो, पण तुझ्याकडं तो एकच असल्यामुळं चालून जाईल. तसलेच दोन झाले तर शेजारचं बाय-पाथ वापर, ते यूएसबीच्या कोणत्या भोकात लावलाय त्यावर जातं, मग भोकाला चिठ्ठी चिकटवून ठेव.

नियम बदलला की यूडेव्हएडीएम, कंट्रोल, हायफन हायफन रीलोड, आणि कन्व्हर्टर उपटून परत लाव.

आणि उबंटू २२.०४ असेल तर सीएच३४० लावल्या लावल्या टीटीवाययूएसबी दिसून लगेच गायब होईल. डीमेसेजमध्ये बीआरएलटीटीवाय हे नाव दिसेल. ते अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज आहे, काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप असते म्हणून ते तिला आपली समजून ताब्यात घेतं. मिलच्या त्या पीसीवर ब्रेल डिस्प्ले कुणी वापरत नसेल तर पॅकेज काढून टाक. कुणी वापरत असेल तर काढू नको, त्याच्या यूडेव्ह नियमातली या चिपच्या आयडीची, १ए८६ आणि ७५२३ ची, तेवढी ओळ बंद कर.